जाड, रुंद देवनागरी फॉन्ट बॅनर-पोस्टरवर नीट कसा वापरायचा

मराठी बॅनरवर मोठ्ठं अक्षर हवं असलं की बहुतेक ठिकाणी एकच पद्धत चालते, समोर दिसेल तो फॉन्ट घ्यायचा, माउसने दोन्ही बाजूंना ओढून रुंद करायचा, त्याच रंगाची आउटलाइन मारून अजून जाड करायचा आणि मागे शॅडो टाकून फाइल प्रिंटला पाठवायची. रस्त्यावर लागल्यावर 'भ' आहे की 'म' ते कळत नाही, 'ध' आणि 'घ' एकसारखे दिसतात, रफार वेलांटीत घुसलेला असतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण याची आता काही गरजच उरलेली नाही. मुळातून रुंद आणि मुळातून जाड काढलेले देवनागरी फॉन्ट आज फुकट मिळतात, ते नीट वापरायचे एवढंच शिकायचंय.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. जाड अक्षर वाचता येतं ते त्याच्या आतल्या रिकाम्या जागेमुळे. 'ब'च्या पोटातली जागा, 'ध'च्या वरची फट, 'क्ष'च्या गाठीतला छोटा पांढरा ठिपका, हे जिवंत राहिलं तर अक्षर कितीही जाड असलं तरी वाचलं जातं, आणि हे बुजलं की फक्त काळा डाग उरतो. फॉन्ट कुठला घ्यायचा, जाडी किती, इफेक्ट कुठले चालतील, सगळं या एकाच कसोटीवर ठरवा.

आता देवनागरीत ही अडचण इंग्रजीपेक्षा जास्त का येते ते बघा. आपल्या अक्षराला वरून शिरोरेषा आहे आणि खाली बेसलाइन, त्या दोघींच्या मधेच सगळा संसार बसवायचा असतो. 'झ', 'ई', 'ह', 'क्ष' ही अक्षरं घ्या, त्यात आडवे आणि वळणदार भाग एकाखाली एक रचलेले आहेत, म्हणजे रेघ जाड केली की उभ्या दिशेला जागा संपते. अक्षर रुंद केलं तर 'व', 'ब', 'क', 'म', 'न' यांना मोकळा श्वास मिळतो पण 'द्ध', 'ट्ट', 'ष्ट्र', 'ह्म' यांना फारसा फायदा होत नाही कारण त्यांची दाटी उभी आहे. चांगला फॉन्ट काढणारा माणूस अशा जोडाक्षरात रेघा मुद्दाम थोड्या बारीक करतो, काही भाग आखूड करतो, गाठ उघडतो, आणि हे इतकं बेमालूम करतो की आपल्याला सगळं एकाच जाडीचं वाटतं. माउसने ओढून हे होत नाही.

ओढल्यावर नेमकं काय होतं तेही सांगतो. अक्षर आडवं १२५ टक्के ताणलं की काना, दंड, सगळ्या उभ्या रेघा पंचवीस टक्क्यांनी जाड होतात, शिरोरेषा मात्र होती तेवढीच राहते. अनुस्वाराचा गोल टिंब अंडाकृती होतो. वेलांटीची कमान बसकी होते. आणि त्याच रंगाची आउटलाइन मारली की फट दोन्हीकडून खाल्ली जाते, म्हणजे समजा 'ध'च्या आत ६ मिलिमीटर जागा होती आणि आउटलाइन प्रत्येक बाजूने २ मिलिमीटर आत आली तर उरली फक्त २, आणि फ्लेक्सवर शाई जराशी पसरली की तीही गेली. सॉफ्टवेअरमधलं नकली बोल्डचं बटण पण साधारण हेच करतं, म्हणून फॉन्टची खरी बोल्ड फाइल नसेल तर ते बटण दाबूच नका.

फॉन्ट कुठला घ्यायचा

रुंदपणा हवा असेल तर माझं पहिलं उत्तर 'अनेक देवनागरी'. मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट करणाऱ्या मंडळींनी केलेला आहे, व्हेरिएबल फॉन्ट आहे, म्हणजे एकाच फाइलमध्ये जाडी १०० ते ८०० आणि रुंदी ७५ ते १२५ अशा दोन पट्ट्या सरकवता येतात. रुंदी १२५ आणि जाडी ८०० केली की जे अक्षर मिळतं ते ओढलेलं नसतं, त्या रुंदीसाठी काढलेलंच असतं, शिरोरेषा आणि काना दोघं बरोबर वाढतात. गुजराती, कन्नड, तेलुगू, तमिळ वगैरे धरून एकूण दहा लिप्यांत हे कुटुंब आहे, त्यामुळे सीमाभागातलं दोन भाषांचं बॅनर असो किंवा बाजूला इंग्रजी ओळ असो, जोडी जुळते.

गोलसर, आपुलकीचं जाड अक्षर पाहिजे तर 'बालू २', तोही 'एक टाइप'चाच, ४०० ते ८०० जाडी. बालवाडी, खाऊची दुकानं, मुलांची शिबिरं यांना तो शोभतो. 'मोदक' हा अजून फुगलेला, इतका की आतल्या जागेच्या नुसत्या पांढऱ्या रेषा उरतात, आणि म्हणूनच तो सुंदर दिसतो पण फक्त प्रचंड मोठ्या आकारात आणि एक-दोन शब्दांसाठीच, व्हिजिटिंग कार्डावर 'मोदक' वापरलात तर शब्द लाटून चपटा झालेला दिसेल. 'पॉपिन्स'चं ब्लॅक वजन, म्हणजे त्याचं सगळ्यात जाड रूप, भौमितिक आहे, अक्षरं जात्याच ऐसपैस, ऑफिसच्या किंवा स्टार्टअपच्या कामाला बरं पडतं. 'रोझा वन'मध्ये जाड-बारीकचा टोकाचा फरक आहे, मासिकाचं कव्हर, साडीचं दुकान, दागिने, तिथे त्याची मजा, पण बारीक रेघा लांबून गायब होतात म्हणून हायवेच्या होर्डिंगवर नको.

'तेको' आणि 'खंड' हे जाड असले तरी अरुंद आहेत, तो वेगळा विषय. आणि 'नोटो सॅन्स देवनागरी'ला रुंदीची पट्टी आहे खरी पण ती नेहमीच्या रुंदीपासून खाली, अरुंदाकडे जाते, वर रुंदाकडे जात नाही, त्यामुळे रुंद अक्षर शोधत तिथे वेळ घालवू नका. वर सांगितलेले सगळे गूगल फॉन्ट्सवर ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, धंद्याच्या कामाला, प्रिंटला, लोगोला बिनधास्त वापरा.

डाउनलोड केल्यावर लगेच बॅनर करायला बसू नका, आधी त्या फॉन्टमध्ये आपल्या मराठीची परीक्षा घ्या. हे शब्द टाइप करून बघा: राष्ट्र, श्रद्धा, विठ्ठल, उद्घाटन, ब्राह्मण, हृदय, कृष्ण, क्षेत्र, ज्ञानेश्वर, ॲप, कॉफी, दऱ्या, तऱ्हा. 'दऱ्या'मधला अर्धा र नीट आला का, 'ॲ' चौकोन होऊन तर आला नाही ना ते बघा, कारण 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ मध्ये आला आणि हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या काही फॉन्टमध्ये तो अजून नसतो. मग तो सगळा मजकूर छोटा करत करत न्या, ज्या आकाराला 'श्रद्धा'तला 'द्ध' बुजतो तो तुमच्या त्या जाडीचा तळ, त्याच्या खाली जायचं असेल तर जाडी कमी करा.

एक बॅनर करून बघू

समजा कुस्तीच्या मैदानाचं बॅनर आहे, आडवं, आणि मुख्य शब्द तीन: जंगी कुस्ती मैदान. विषयच असा दणकट की रुंद जाड अक्षर इथे हक्काने शोभतं. 'अनेक' घेतला, जाडी ८००, तीन शब्द तीन ओळींत डावीकडून एका रेषेत लावले. आता बघा काय होतं.

'जंगी' आखूड शब्द आहे, बाकीचे दोन लांब. नेहमीची सवय अशी की 'जंगी'चा पॉइंट साइज वाढवून तो बाकीच्यांएवढा रुंद करायचा, पण मग त्याची रेघ जाड होते आणि तीन ओळी तीन वेगळ्या फॉन्टच्या वाटायला लागतात. त्याऐवजी तिन्ही ओळींचा साइज सारखाच ठेवा, जाडी सारखीच ठेवा आणि फक्त रुंदीची पट्टी हलवा, 'जंगी'ला पूर्ण १२५, बाकीच्या दोघांना त्याहून कमी, तिन्ही ओळींचे दोन्ही काठ जवळपास जुळेपर्यंत. व्हेरिएबल फॉन्टचा हा माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा आहे, सगळा मथळा एका ठोकळ्यासारखा बसतो आणि एकही अक्षर ताणावं लागत नाही. फक्त एका ओळीला १२५ आणि शेजारच्या ओळीला ७५ असं करू नका, तेवढा फरक डोळ्याला टोचतो.

मग ओळींमधलं अंतर. 'जंगी'ला खाली काहीच लटकत नाही, त्यामुळे त्याच्या खालची 'कुस्ती'ची ओळ वेलांटी सांभाळून बरीच वर घेता येते. पण 'कुस्ती'चा पहिला उकार खाली उतरतो आणि बरोब्बर त्याच्याच खाली 'मैदान'च्या 'मै'च्या दोन मात्रा वर येतात, दोघांची टक्कर होते. ऑटो लीडिंगवर, म्हणजे सॉफ्टवेअर स्वतः लावतं त्या अंतरावर, सोडून दिलं तर एक अंतर सैल आणि दुसरं घट्ट असं काहीतरी विचित्र होतं. उपाय दोन आहेत, एक म्हणजे प्रत्येक ओळीचं अंतर हाताने लावा, आकडा काय दिसतो त्याकडे न बघता डोळ्याला सारखं वाटेपर्यंत, किंवा 'मैदान'ची ओळ थोडी उजवीकडे सरकवा म्हणजे मात्रा उकाराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत जाऊन बसतील. दुसरा उपाय मला जास्त आवडतो, त्यात ओळी एकमेकींत अडकतात आणि मथळ्याला जोर येतो, आपल्याकडच्या जुन्या हाताने काढलेल्या नाटकांच्या जाहिरातीत हे फार सुंदर केलेलं असायचं. कमल शेडगे यांची नाटकांच्या नावांची अक्षरं मिळतील तिथे बघा, मात्रा आणि उकार शेजारच्या रिकाम्या जागेत कसे सामावून घ्यायचे ते त्यात शिकायला मिळतं.

तिसरी बारीक गोष्ट, 'जं'चा अनुस्वार. ८०० जाडीला टिंब चांगलाच मोठा होतो आणि 'गी'च्या वेलांटीची कमान डावीकडे त्याच्या अगदी जवळ येते. दोन्ही चिकटले तर लांबून एकच आकडी दिसते. इथे अक्षरांमधलं अंतर वाढवायचं नाही, मजकुराचे कर्व्ह करून घ्यायचे, म्हणजे टाइप केलेली अक्षरं साध्या आकारांत बदलायची, आणि फक्त तो टिंब केसभर डावीकडे सरकवायचा, बस.

अक्षरांमधलं अंतर आणि शिरोरेषा

इंग्रजी पोस्टर बघून बऱ्याच जणांना अक्षरं लांब लांब ठेवायचा मोह होतो. देवनागरीत लेटर स्पेसिंग वाढवलं की शिरोरेषेला खाचा पडतात, शब्द तुटतो, आणि कमी केलं की काने एकमेकांवर चढतात. ट्रॅकिंग, म्हणजे हेच अक्षरांमधलं अंतर, शून्य ठेवा, जस्टिफाय केलेल्या परिच्छेदात पण अक्षरांमधलं अंतर शून्यच राहील अशी सेटिंग करा, वेबसाइट असेल तर मराठी मथळ्याला लेटर-स्पेसिंग शून्य द्या, कारण इंग्रजी थीममधून ते नकळत लागलेलं असतं. हवा खेळवायची असेल तर शब्दांमध्ये आणि ओळींमध्ये खेळवा. शब्दांमधली जागा मात्र रुंद फॉन्टला जरा कमी चालते, नाहीतर ओळीत भोकं पडल्यासारखी दिसतात.

मराठी रूपं

मोठ्या अक्षरात 'ल' आणि 'श' लगेच नजरेत येतात. आपल्याला पाकळीचा ल आणि देठाचा श हवा असतो, २०२२ च्या राज्य शासनाच्या निर्णयातही तेच सांगितलंय, पण बरेच फॉन्ट उघडल्या उघडल्या हिंदी पद्धतीचं रूप दाखवतात. ज्या फॉन्टमध्ये सोय केलेली असते तिथे मजकुराची भाषा मराठी निवडली की रूप आपोआप बदलतं, इलस्ट्रेटर-इनडिझाइनमध्ये कॅरेक्टर पॅनेलमधून, वेबवर पानाची भाषा मराठी लावून. नाही बदललं तर ग्लिफ पॅनेल, म्हणजे फॉन्टमधल्या सगळ्या आकारांची यादी, उघडून बघा, पर्यायी रूप तिथे पडलेलं असतं. 'महाराष्ट्र शासन' असं दोन फूट उंचीचं लिहायचं आणि त्यात 'श' परका, हे मला तरी बघवत नाही.

जोडाक्षर फारच दाटलं तर ते मोडून लिहिता येतं, म्हणजे 'द्ध'ऐवजी हलन्त द आणि पुढे पूर्ण ध, त्यासाठी हलन्तानंतर झिरो विड्थ नॉन जॉइनर, म्हणजे जोडाक्षर होऊ न देणारं न दिसणारं चिन्ह, टाकावं लागतं. मी हे शेवटचा मार्ग म्हणून ठेवतो, कारण 'श्रद्धा' किंवा 'सिद्धी' मोडलेलं वाचायला डोळा अडखळतो, त्यापेक्षा एक वजन खाली उतरलेलं बरं.

सगळंच जाड करायचं नाही

देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत, म्हणजे महत्त्वाचं-कमी महत्त्वाचं दाखवायला आपल्याकडे आकार, जाडी, रुंदी आणि रंग एवढंच आहे. म्हणून रुंद-जाड अक्षर फक्त एका गोष्टीला द्या, मथळ्याला. तारीख, वेळ, ठिकाण हे त्याच कुटुंबातल्या नेहमीच्या रुंदीत, ५०० ते ६०० जाडीत. बक्षिसांची यादी, पाहुण्यांची नावं, संपर्क हे ४०० ला, आणि हो, पाहुण्यांची नावं रुंद फॉन्टमध्ये कधीच बसत नाहीत, आधी पदवी मग नाव मग पद असं सगळं मिळून ओळ इतकी लांब होते की शेवटी साइज इतका लहान करावा लागतो की वाचायलाच येत नाही. अशा मजकुराला 'अनेक'चीच अरुंद बाजू वापरा, कुटुंब तेच राहतं आणि ओळ बसते.

बॅनरचा आकारही बघा. आडव्या बॅनरला रुंद अक्षर बसतं, पण उभा स्टँडी असेल तर रुंद फॉन्टने शब्द बसवताना अक्षराची उंची एवढीशी होते, तिथे अरुंद आणि उंच जाड अक्षरच घ्या. लांबून वाचायच्या पाटीसाठी साइन करणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे, दर १० फूट अंतराला साधारण १ इंच अक्षराची उंची, म्हणजे १०० फुटांवरून वाचायचं तर १० इंच, आणि देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून बेसलाइनपर्यंत मोजा, मात्रा-उकार त्यात धरू नका.

आउटलाइन, रंग आणि छपाई

आउटलाइन लावायचीच असेल तर वेगळ्या रंगाची लावा आणि ती अक्षराच्या मागे जाऊ द्या, कोरलमध्ये 'बिहाइंड फिल', इलस्ट्रेटरमध्ये अपिअरन्स पॅनेलमध्ये स्ट्रोक फिलच्या खाली ओढायचा. पांढरं अक्षर आणि गडद आउटलाइन असेल तर अक्षराच्या पोटातली फट गडद रंगाने भरली तरी चालते, अक्षर वेगळं दिसतंच, घोळ होतो तो अक्षराच्याच रंगाच्या आउटलाइनने.

गडद पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर आहे त्यापेक्षा जाड दिसतं, म्हणून तिथे ८०० ऐवजी ७०० करून बघा. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते, टीशर्टच्या स्क्रीन प्रिंटमध्ये पातळ फटी बुजतात, म्हणजे 'मोदक'सारखा फॉन्ट टीशर्टवर छापण्याआधी एक नमुना काढून घेतलेला बरा.

अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये काही वेळा मराठी फुटून दिसतं, वेलांटी चुकीच्या जागी, जोडाक्षर सुटं. फॉन्ट बहुतेक वेळा ठीक असतो, अक्षरं जुळवणारं इंजिन बदलायचं असतं, जुन्या फोटोशॉपमध्ये टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये वर्ल्ड रेडी लेआउट, इनडिझाइनमध्ये वर्ल्ड रेडी पॅराग्राफ कंपोझर, इलस्ट्रेटरमध्ये इंडिक ऑप्शन्स चालू करायचे.

शेवटी प्रिंटवाल्याकडे फाइल पाठवताना मजकुराचे कर्व्ह करा, कारण त्यांच्याकडे तुमचा फॉन्ट असेलच असं नाही. कर्व्ह केल्यावर एक काम विसरू नका, वेल्ड किंवा युनाइट, म्हणजे सुटे तुकडे जोडून एक आकार करणं. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते आणि व्हेरिएबल फॉन्टमध्ये तर एकाच अक्षराचे तुकडेही एकमेकांवर असतात, नुसतं बघताना कळत नाही पण आउटलाइन किंवा ट्रान्सपरन्सी लावली की प्रत्येक जोडावर रेघ उमटते. सगळे तुकडे वेल्ड केले की शिरोरेषा सलग एक होते. आउटलाइन त्यानंतर लावा, आणि मूळ टाइप केलेला मजकूर वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवा, कारण तारीख बदलल्याचा फोन बॅनर छापायला जायच्या आदल्या रात्री येतोच.